ऑन्कोलॉजीत पोस्टिंग लागलंय म्हणतेस, तर हे वाच

अगं, मेसेज वाचला तुझा. कॅन्सर वॉर्डात पोस्टिंग लागलंय, घरचे म्हणतायत बदलून घे, आणि तू विचारतेस "मला झेपेल का हे सगळं". झेपण्याचं मी आत्ताच काय सांगू, ते कळायला काही महिने जातात, कुणाला झेपतं कुणाला नाही, आणि ज्याला नाही झेपत तो काही वाईट नर्स नसतो. पण तू जी तयारी करतेयस ना, मन घट्ट करायचं, रडू आवरायचं वगैरे, ती तिथे फारशी कामाला येत नाही. कामाला येतं ते नीट बघणं. हात बघणं, तोंड बघणं, चार्टवरची वेळ बघणं, आणि पेशंट "बरंय" म्हणाला की त्याच्या चेहऱ्याकडे अजून जरा वेळ बघणं. माया माया म्हणतात ती तिथे अशीच दिसते, गोड बोलणारे तर भेटायच्या वेळात भरपूर येतात.

केमोपासून सुरू करते कारण धास्ती तुला त्याचीच असणार. पहिलं म्हणजे वजन. बहुतेक केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, आणि मागच्या सायकलचं (म्हणजे केमोच्या मागच्या फेरीचं) वजन तसंच उतरवून घ्यायची सवय सगळीकडे असते, कारण पेशंट थकलेला असतो, काटा कोपऱ्यात असतो, कोण उठवणार. तू उठव. तीन आठवड्यांत तोंड आलं, जेवण गेलं, की माणूस चांगलाच उतरतो आणि मग डोस परत बघायला लागतो, पण तो आकडा तू दिला नाहीस तर डॉक्टरांना तो दिसणार कुठून.

मग शीर. काही औषधं अशी आहेत की शिरेतून बाहेर आली की आजूबाजूचं मांस जाळतात, डॉक्सोरुबिसिन (ते लाल रंगाचं), व्हिन्क्रिस्टिन वगैरे. त्यांच्यासाठी कालची सुई चालवून घ्यायची नाही, सांध्यावर सुई नको, शक्यतो कोपर आणि मनगटाच्या मधली सरळ शीर बघ, आणि औषध जोडायच्या आधी रक्त परत येतंय का ते बघितल्याशिवाय सुरू करूच नको. ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला शक्यतो सुई लावू नको. आणि हे सगळं झालं की पेशंटला स्वच्छ शब्दांत सांग, "चुरचुरलं, आग झाली, ओलं वाटलं तर त्या क्षणाला मला हाक मारा, मी कामात आहे असा विचार करू नका". हे सांगावंच लागतं, कारण कॅन्सरचे पेशंट फार सोसतात, त्यांना वाटतं औषध म्हणजे जळजळणारच, तेही उपचारातच धरून चालतात.

समजा हाक मारलीच. तर औषध लगेच बंद, पण सुई काढायची नाही! घाईत सगळे आधी सुई काढतात. नळी सोडव, सिरिंज लाव, जेवढं मागे येतंय तेवढं हळू ओढून घे, फ्लश (नळीतून सलाइन ढकलणं) अजिबात करू नको, डॉक्टरांना बोलाव आणि लाल झालेल्या जागेच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिही म्हणजे पुढच्या शिफ्टला कळेल पसरतंय की नाही. शेक कसला द्यायचा हे औषधावर आहे, डॉक्सोरुबिसिनला गार, व्हिन्क्रिस्टिनला गरम, उलटं केलंस तर त्रास वाढतो. डॉक्सोरुबिसिनसाठी डेक्सराझोक्सेन म्हणून औषध देतात ते ६ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, त्यामुळे "सकाळच्या राउंडला दाखवू" असलं काही तिथे चालत नाही.

व्हिन्क्रिस्टिनचं अजून एक, आणि हे कायमचं डोक्यात ठेव. ते फक्त शिरेतून. पाठीच्या मणक्यात चुकून गेलं तर माणूस जवळजवळ हमखास जातो, जगभर असे मृत्यू झालेत, म्हणून तर आता ते सिरिंजमध्ये न देता छोट्या बॅगेत द्यायला सांगतात, कारण बॅग कुणी मणक्यात टोचायला जात नाही. मणक्यात द्यायच्या औषधांच्या ट्रेवर व्हिन्क्रिस्टिन दिसलं तर तू कितीही ज्युनियर असलीस तरी थांबवायचं, समोर कोण उभंय ते बघायचं नाही.

पॅक्लिटॅक्सेल (हेही केमोचंच औषध, याची ॲलर्जी येऊ शकते) सुरू केलं, त्यातही पहिली किंवा दुसरी सायकल असेल, तर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं बेडपाशीच उभी राहा. चेहरा लाल होणं, छाती भरून येणं, अचानक पाठ दुखणं, तिथेच बंद करायचं. फाइल लिहायची असेल तर तिथेच उभं राहून लिही.

आता ताप. माझ्या मते या वॉर्डात जीव वाचवायची सगळ्यात जास्त संधी नर्सला इथेच मिळते, केमोच्या वेळी नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) ५०० च्या खाली गेले की शरीराकडे लढायला काही उरतच नाही, आणि गंमत बघ (गंमत कसली म्हणा), पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात, त्यामुळे जखम लाल होत नाही, कफ पडत नाही, एक्स-रे स्वच्छ येतो, नुसता ताप येतो. एकदा ३८.३ सेल्सिअस किंवा तासभर ३८ च्या वर, एवढंच तुला दिसणार. त्यानंतर तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस आत गेला पाहिजे. रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) आधी घ्यायचं, पण शीर सापडत नाही म्हणून डोस अडवून ठेवायचा नाही. आणि स्टिरॉइड चालू असेल, किंवा घरी पॅरासिटामॉल घेऊन आला असेल तर तापही नाही दिसणार, मग काय दिसेल? नाडी पळत असेल, बीपी हळूहळू खाली, म्हातारा माणूस असेल तर नुसता गप्प गप्प. "आज बाबा बोलत नाहीयेत" असं नातेवाइक म्हणाले तर ते ऐक, ती तक्रार नसते ती हिस्टरी असते. या दिवसांत गुदद्वारातून काही नाही, ना थर्मामीटर, ना एनिमा, ना सपोझिटरी. घरी सोडताना थर्मामीटर घ्यायला सांग, आणि ताप आला तर गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट बघू नका, आधी फोन करा हे त्यांच्याकडून परत बोलून घे. नुसती मान हलवली तर ते समजलं असं धरू नको.

तोंडाचं थोडक्यात सांगते. रोज टॉर्च मारून आत बघायचं. जेवत नाही म्हणजे मूड नाही असं लिहून मोकळे होतात आणि आत गालाला फोड असतो. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, अल्कोहोलवाला माउथवॉश बंद.

दुखण्याबद्दल मात्र मी जास्त लिहिणार, वाचून कंटाळलीस तरी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगून ठेवलंय की कॅन्सरचं दुखणं औषध घड्याळाप्रमाणे दिलं तर बहुतेकांचं आटोक्यात येतं, जमेल तोवर तोंडाने द्यायचं, आणि दुखायला लागल्यावर नाही तर दुखायच्या आधी. तरी आजही "झोपलेत, उठवत नाही, उठले की देऊ" म्हणून मॉर्फिनचा डोस चुकवतात. झोपलेला माणूस म्हणजे न दुखणारा माणूस नाही गं, दुखून दुखून थकला की पण झोप लागते, आणि डोस चुकला की पहाटे जो उठतो तो कळवळतच उठतो आणि मग दिवसभर तुम्ही त्याच्या मागे पळता. मध्येच उसळलं तर वेगळा जादा डोस लिहिलेला असतो, साधारण दिवसभराच्या डोसाचा सहावा भाग, तो लिहिलेला नसेल तर लिहून माग. किती वेळा द्यावा लागला ते नीट नोंदव, त्याच्यावरूनच उद्याचा नेहमीचा डोस ठरणार.

पेशंट, नातेवाइक, कधीकधी आपल्यातलेच सगळे व्यसनाला घाबरतात. दुखणाऱ्या माणसाला दुखण्यापुरतं, देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन वेगळं आणि व्यसन वेगळं, त्यावर शांतपणे बोल. श्वासाला घाबरायचं तर गुंगीवर लक्ष ठेव, श्वास मंदावायच्या आधी बहुतेक वेळा गुंगी वाढते. मळमळ पहिले काही दिवस, मग जाते. बद्धकोष्ठ जात नाही, म्हणून पहिल्या डोसासोबतच रेचक, आणि रोज विचारायचं, लाजायचं नाही. किडनी बिघडलेल्या पेशंटचे हातपाय झटके द्यायला लागले किंवा तो असंबद्ध बोलायला लागला तर मॉर्फिन साठतंय का बघायला सांग.

"दुखतंय का" असं विचारू नको. "नाही" येतं. "काल रात्री किती वाजता जाग आली, आणि कशाने आली" असं विचार. बघ किती वेगळी उत्तरं येतात.

सिसिली सॉन्डर्सचं नाव तुम्हाला अभ्यासात आलं असेल, १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणारी. ती आधी नर्स होती, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाली. तिचं म्हणणं असं की दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरचं, श्रद्धेचं सगळं त्यात मिसळलेलं असतं. परीक्षेत चार मार्कांना असतं हे, वॉर्डात कसं दिसतं सांगते. आमच्याकडे एक आजोबा होते, हाडात पसरलेलं, डोस बसवला की चार दिवस छान, आणि घरी सोडायची तारीख ठरली की दुखणं दहापैकी आठवर. डोस वाढव, परत छान, परत तारीख, परत आठ. आमच्यातल्या एका सिस्टरने रात्री त्यांचे पाय चेपता चेपता विचारलं की घरी रात्रीचं औषध कोण देतं, तर कोणीच नव्हतं. बायको गेलेली, मुलगा नाइट शिफ्टला, आणि यांना बाटलीवरचं बारीक अक्षर दिसत नव्हतं. रात्रीच्या डोसाची चिठ्ठी मोठ्या अक्षरात केली, शेजारणीला समजावलं, घरी फोन करणारी सिस्टर ठरवून दिली, आणि त्याच डोसावर ते घरी गेले. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं हं, असं कुणी म्हटलं तर भांड. भीतीने ते दुप्पट होत होतं एवढंच.

हाडातलंच निघालंय तर एक, नवीन पाठदुखी, त्यात पाय जड वाटतायत किंवा लघवी अडकतेय असं कळलं तर त्याच मिनिटाला सांगायचं, मणक्यातला मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुतेक चालत राहतो, ज्याचे पाय गेले त्याचे परत येणं अवघड.

बोलण्याचं. नातेवाइक तुला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतील "त्यांना काही सांगू नका". चिडू नको, त्यांना तो माणूस तुटायला नकोय. पण तू खोटं पण बोलू नको. त्यांना विचार, "त्यांनी स्वतः विचारलं तर मी काय म्हणू?" यातूनच पुष्कळदा गाठ सुटते. आणि पेशंटला आधी काय माहितीये ते विचारायचं, बहुतेकांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त कळलेलं असतं. रिपोर्ट फोडणं तुझं काम नाही, पण "यांना बोलायचंय, आज बोला" असं डॉक्टरांना सांगणं तुझंच काम आहे.

"पॉझिटिव्ह राहा", "तुम्ही फायटर आहात" हे मला अजिबात आवडत नाही, स्पष्टच सांगते. मग ज्याचा आजार वाढला तो काय कमी लढला? कुणी "मी वाचणार का" विचारलं तर हातातलं काम ठेव, खुर्ची ओढ, बस, आणि विचार "आज हे का मनात आलं?" पुढे तू काही बोलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पाच मिनिटं बसलीस तरी चालतं पण बस, उभ्याने ऐकलेलं त्यांना ऐकल्यासारखं वाटत नाही.

केस जाणार असतील तर आधी सांग, पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर दिसायला लागतात, डोक्याची कातडी दुखते पण. थकवा झोपून जात नाही हेही सांग, थोडं थोडं चालल्याने उलट बरं वाटतं. आणि डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लाल होते, ते रक्त नसतं, हे आधी सांगितलं नाहीस तर रात्री दोनला तुझ्याच ड्युटीत किंकाळी येईल.

पेशंट जातील. काहींसाठी रडशील, काहींसाठी नाही रडणार आणि त्याचंच वाईट वाटेल, त्याचा हिशोब ठेवू नको. ड्युटीनंतर कुणाशी तरी बोलत जा, आमच्याशी बोललीस तरी चालेल, रात्री अकरानंतर फक्त मेसेज कर.

आणि स्वतःला सांभाळ म्हणजे नुसतं मनाने नाही. केमो हाताळताना दोन ग्लोव्हज, गाउन, घाई असली तरी. डोसानंतर निदान ४८ तास पेशंटची लघवी, उलटी, चादरी सगळं ग्लोव्हज घालून, फ्लश करताना झाकण बंद. उद्या बाळाचा विचार केलास तर लपवू नको, इन्चार्जना आधी सांग म्हणजे केमोचं काम बदलून देतील. सोमवारी जॉइन झालीस की आधी दोन गोष्टी शोध, सांडलेल्या केमोची किट कुठे ठेवलीये आणि औषध शिरेबाहेर गेलं तर वापरायची किट कुठे आहे, दोन्ही उघडून आत काय आहे ते बघ आणि एक्स्पायरी पण बघ, पुष्कळ ठिकाणी कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली दुसऱ्याच शिफ्टच्या खिशात असते.