वाचक विचारतात : शांत कॅबिनेट, तेही वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलांसाठी वऱ्हाडी बोलीतल्या गोष्टी रात्री घरीच रेकॉर्ड करते आणि त्यांचे छोटे व्हिडिओ बनवते. जुना कॉम्प्युटर एवढा घोंघावतो की प्रत्येक गोष्टीच्या मागे तोच ऐकू येतो. आता सुटे भाग आणून नवा जोडून घ्यायचा आहे. भाचा म्हणतो, समोरून बंद, आतून फोम लावलेलं ‘सायलेंट’ कॅबिनेट (सगळे भाग बसवायची पेटी) घे. अमरावतीचा दुकानदार म्हणतो, ‘जाळीवालं घ्या मॅडम, फोमवालं आपल्याकडे तापते.’ कोणाचं ऐकू? कॅबिनेटसाठी पाच-सहा हजार बाजूला ठेवले आहेत.

उत्तर : ताई, दुकानदाराचं ऐका. तुमचा भाचा वाचून बोलतोय आणि त्याचं वाचन खोटं नाही. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनची ‘डिफाइन’, जर्मनीच्या बी क्वाएटची ‘सायलेंट बेस’ ही कॅबिनेटं खरोखर वजनदार आणि नीट बनवलेली असतात. फक्त त्यांची परीक्षणं वाचताना एक बघायचं : ती कोणत्या खोलीत केली? बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे चारलाही तेवढा गारवा नसतो.

प्रोसेसर, म्हणजे सगळा हिशेब करणारी मुख्य चिप, किती तापणार हे खोलीपासून मोजावं लागतं. समजा, व्हिडिओ तयार करताना तो खोलीपेक्षा ४० अंश वर जातो. जानेवारीत खोली २० अंश, तर प्रोसेसर ६०. मे महिन्यात खोली ४२, तर प्रोसेसर ८२. काम तेच, भाग तेच. पण ८२ दिसले की मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) पंखे पळवायला लागतो, आणि समोरून बंद कॅबिनेटमध्ये हवा बाजूच्या फटीतून ओढावी लागते म्हणून ते आणखी पळतात. मग तो आवाज फोमने दाबायचा. म्हणजे आधी भांडण लावायचं आणि वरून गोधडी टाकायची! शिवाय पातळ फोम सूं-सूं करणारा वरच्या पट्टीतला आवाजच खातो. हार्ड डिस्कची खालच्या पट्टीतली घरघर त्यातून आरपार येते.

आवाज कमी होतो तो पंखा हळू फिरवल्याने. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा जवळपास निम्मी येते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. आणि सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र लावले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. आता हिशेब करा : मिनिटाला १४०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या एका पंख्याच्या जागी तसेच दोन पंखे ७००वर लावले, तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. तुमचे पैसे या हिशेबावर खर्च करा, फोमवर नको.

तेव्हा समोर पूर्ण जाळी, तिच्यामागे १४० मिलिमीटरचे दोन किंवा १२० चे तीन पंखे हवा आत घेणारे, आणि मागे १२० चा एक बाहेर टाकणारा, असं कॅबिनेट बघा. तुमच्या पैशांत ते बसतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवायची, म्हणजे फटीफटीतून हवा बाहेर पडते आणि धूळ यायची तर फक्त गाळणीतूनच येते. ही नायलॉनची गाळणी स्क्रू न खोलता निघाली पाहिजे. माझं दुकान हिंगणघाटला, चारी बाजूंना जिनिंग. कापसाच्या हंगामात गाळणीवर आठ दिवसांत पांढरी लव धरते आणि माणूस म्हणतो पंखा खराब झाला. गाळणी धुवून, पूर्ण वाळवून लावली की पंखा पुन्हा गप्प!

दुकानात एक गोष्ट नक्की विचारा, कारण ती डब्यावर लिहिलेली नसते. स्वस्त कॅबिनेटमधले, विशेषतः रंगीत दिव्यांचे, पंखे कित्येकदा मोठ्या पांढऱ्या मोलेक्स प्लगने थेट एसएमपीएसला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डबीला) जोडलेले असतात. त्यांना १२ व्होल्ट मिळतात आणि ते रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरतात. मदरबोर्डचा त्यांच्यावर ताबाच नसतो. ‘पंख्याचा प्लग तीन पिनचा की चार पिनचा, आणि मदरबोर्डला लागतो का?’ एवढं विचारा. तीन पिनचा असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्या पंख्यासाठी डीसी हा पर्याय निवडायला सांगा, नाहीतर तोही पूर्ण वेगानेच फिरेल. मग बाजूच्या पत्र्यावर टिचकी मारा. टणटण वाजला तर पत्रा पातळ आहे, पुढे थरथरणार. बद्द वाजला तर चांगला. काचेची बाजू हवी की नको, हा हौसेचा भाग.

तुमच्या कामाची एक बाजू तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. नुसता आवाज रेकॉर्ड करताना प्रोसेसरला जवळपास काहीच काम नसतं. घाम फुटतो तो व्हिडिओ तयार करताना, आणि तेव्हा माइक बंद असतो, घोंघावला तर घोंघावू द्या. म्हणून बायोसमध्ये पंख्यांचा वेग असा लावा की प्रोसेसर ६५ अंशांवर जाईपर्यंत ते ६००-७०० फेऱ्यांवरच राहतील, त्यापुढे चढतील. हिवाळ्यातली मांडणी आणखी खाली आणता येते. उन्हाळ्यात रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीतला कूलर तर बंद करावाच लागणार. त्याच्यासमोर जगातलं कोणतंही कॅबिनेट शांतच आहे.

प्रोसेसर ६५ वॅटचा आणि आतच ग्राफिक्स असलेला घ्या, रायझन ५ ५६००जी सारखा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे त्याचे पंखेही नाहीत. त्याची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या ८२ ला घाबरायचं कारण नाही. प्रोसेसरला गार ठेवणारा, त्याच्याच खोक्यातून येणारा छोटा कूलर मात्र उन्हाळ्यात किरकिरतो. १२० च्या पंख्याचा उभा टॉवर कूलर लावा. तो साधारण १५५ मिलिमीटर उंच असतो, म्हणून कॅबिनेटच्या माहितीत कूलरसाठी १६० तरी लिहिलेले बघा. साठवणीला एसएसडी, तिच्यात फिरणारं काही नसतं. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि नेमकी तीच घरघर पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये उतरते. तिच्यातला मजकूर हवा असेल तर ती बाहेरच्या यूएसबी डबीत घाला आणि बोलताना काढून ठेवा.

कॅबिनेट टेबलावर नको आणि जमिनीवरही नको. लाकडी स्टुलावर ठेवा, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात नको, तिथे तीच गरम हवा फिरत राहते. तुमचा माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल, बहुतेक असतात, तर त्याला पाठीमागचं सर्वांत कमी ऐकू येतं. कॅबिनेट माइकच्या पाठीशी येईल असं बसा. एवढ्याने जो फरक पडतो तो कित्येकदा दोन हजारांच्या पंख्यांनी पडत नाही.

तुम्ही खारपाणपट्ट्यातल्या, जमिनीखालचं पाणीच खारं, म्हणून हेही सांगतो. खोलीतल्या कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका. दमट हवेने काही बिघडत नाही, कारण चालू असताना आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात. भीती उडणाऱ्या थेंबांची आहे. खाऱ्या पाण्याचा थेंब सुकला की मागे मीठ राहतं, ते तुम्ही कूलरच्या ताट्यांवर रोज बघता. आणि मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या सगळ्या लावलेल्या आहेत ना, ते जोडणी करून घेतानाच पाहा. एक पट्टी निघालेली असली की पावसाळ्यात पालीला ऊबदार घर मिळतं, आणि पुढे ती मदरबोर्डवर मेलेली सापडते, कधीकधी मदरबोर्डसकट.

प्रश्न : आर्वीजवळच्या खेड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. कॉम्प्युटर तापतो म्हणून बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावतो. चालते का?

उत्तर : भाऊ, चालते, पण काहून चालते ते बघा. झाकण काढल्यावर तापमान पाच-सात अंशांनी उतरत असेल, तर तुमच्या कॅबिनेटमध्ये हवा शिरतच नाही असा त्याचा अर्थ. समोरचं प्लॅस्टिक काढून बघा, बहुधा त्याच्यामागे पंखाच नसेल, नुसती जागा असेल. तिथे १२० चा एक लावा आणि झाकण बंद करा. उघड्या मशीनमध्ये टेबलफॅन हवेबरोबर रस्त्याची धूळही पाठवतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका.

प्रश्न : आमच्या मंडळाची खंजिरी भजनं मी घरी रेकॉर्ड करतो (ब्रह्मपुरी तालुका). कॉम्प्युटर नवा आहे, कान लावला तरी आवाज येत नाही. तरी रेकॉर्डिंगमध्ये ‘हूंऽऽ’ अशी एकसारखी भुणभुण येते. कॅबिनेट बदलू का?

उत्तर : कॅबिनेटला हात लावू नका. कानाला ऐकू येत नाही आणि माइकला येतं, म्हणजे ती भुणभुण हवेतून नाही, तारेतून येते आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, ती अशीच भुणभुणते. तोच माइक एखाद्या लॅपटॉपला, चार्जर काढून, बॅटरीवर लावून बघा. भुणभुण गेली तर दोष अर्थिंगचा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ती वाढत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे खडबडीत वीज देणारा, आहे. रेकॉर्डिंग वीज आल्यावरच करा. कॉम्प्युटर, स्क्रीन आणि मिक्सर एकाच तीन पिनच्या बोर्डावर घ्या, तिसरी पिन कापलेली असेल तर प्लग बदला. आणि वायरमनला अर्थिंगचा खड्डा दाखवायला सांगा. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात खडखडीत वाळतो आणि मग असून नसल्यासारखा होतो. पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओतत जा.