गटच्या तारा : पहिला संच घेताना

डबल बेसला, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या वाद्याला, गट (जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारा) लावायचं ठरवलंस, पण चारही तारा एकदम बदलू नकोस. आधी फक्त वरच्या सुरांच्या दोन, जी आणि डी, साध्या (वेष्टण नसलेल्या) गटच्या घे. खालच्या ए आणि ई धातूचं वेष्टण असलेल्या गटच्याच घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. साधी ई फार जाड होते, ढिली वाटते आणि गजाला उशिरा दाद देते.

जाडीचा विचार सगळ्यात आधी कर. साधी गटची जी सहज २ मिलिमीटरहून जाड असते, स्टीलची त्यापेक्षा बरीच बारीक. त्यामुळे नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) आणि ब्रिजच्या (तारा पेलणारी लाकडी घोडी) खाचा रुंद कराव्या लागतात. हे काम कारागिराकडूनच करून घे. खाच अरुंद राहिली की तार तिथेच चिमटते, सोलवटते आणि तुटते. गटवर ताण कमी असतो, तारेच्या कंपनाचा झोका मोठा, म्हणून ब्रिजही थोडा उंच लागतो.

बोटांनी वाजवणार असशील तर गटचा तो गोल, भरीव ठोका तुला लगेच आवडेल. गजाने मात्र सुरुवातीला खरखर येईल. गज सावकाश आणि वजन देऊन ओढायला शिकावं लागतं, त्याला काही आठवडे दे.

नवी तार कित्येक दिवस ताणत राहते आणि हवेतल्या दमटपणाने सूर हलतो. वाजवण्याआधी दर वेळी सूर लाव. तारेवर केसासारखा धागा सुटला तर ओढू नकोस, नेलकटरने मुळाशी कापून टाक.