लॉन बोल्सचा चेंडू वळतो कसा?

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवलं, तो सामना पाहून तुम्ही विचारलंय: चेंडू शेवटी वळतो तो मनगटाच्या फिरकीने, की आत एका बाजूला शिसं भरलेलं असतं म्हणून?

दोन्ही नाही. एके काळी आत वजन घालत, हे खरं. आता सगळी करामत आकाराची. चेंडू (तिथं त्याला ‘बोल’ म्हणतात, पण वाक्यात घोळ होतो) पूर्ण गोल नसतो, त्याच्या दोन कुशी सारख्या नसतात. त्यामुळे गुरुत्वमध्य एका अंगाला सरकतो. याला म्हणतात ‘बायस’.

लहानपणी फरशीवर बांगडी घरंगळत सोडली असेल ना? वेगात असते तोवर सरळ जाते, मंदावली की एका अंगाला कलते आणि त्याच बाजूला गर्रकन वळते. इथंही तसंच काहीसं. म्हणून निम्म्या वाटेपर्यंत ‘हा गेला बाहेर’ असं वाटतं, आणि शेवटच्या काही मीटरांत तो जॅककडे, म्हणजे ज्याच्या जवळात जवळ आपला चेंडू न्यायचा असतो त्या छोट्या चेंडूकडे, झुकत येतो.

बायसच्या बाजूला छोटी खूण असते, दुसरीकडे मोठी. छोटी खूण आतल्या बाजूला, म्हणजे चेंडू जिकडे वळायला हवा तिकडे, ठेवायची. मेलबर्नला पहिल्याच दिवशी मी ती उलटी धरली. दीड किलोचा तो गोळा थेट शेजारच्या रिंकमध्ये, म्हणजे खेळाच्या पट्ट्यात! तिथल्या आजोबांनी हसत पायाने अडवला.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट: जॅक जवळ असो की लांब, नेम धरायची दिशा जवळपास तीच राहते, बदलायचा तो फक्त जोर. दिशा बदलते ती हिरवळीप्रमाणे. चेंडूला २७ मीटर जाऊन थांबायला किती सेकंद लागतात, त्यावर तिचा वेग ठरतो. इंग्लंडच्या ओलसर गवतावर ११-१२, मेलबर्नच्या उन्हाळ्यात १५ च्याही पुढे. जास्त सेकंद म्हणजे हिरवळ ‘फास्ट’, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण तिथं हळू सोडलेला चेंडूही लांब जातो, रेंगाळतो आणि वळायला त्याला भरपूर वेळ मिळतो. तिथं नेम आणखी बाहेर धरायचा.

अधूनमधून कुणी जोरात सोडून समोरचे चेंडू उधळतं, तो ‘ड्राइव्ह’. चेंडू तोच, बायसही तोच. पण तो जवळजवळ सरळ जातो, वळायला सवडच मिळत नाही.