भिली ही मराठीची बोली आहे की गुजरातीची?
भिली या दोहोंपैकी कोणाचीच बोली नाही. ती स्वतंत्र भारतीय-आर्य भाषा असून नंदुरबारपासून दाहोद, झाबुआ, बांसवाड्यापर्यंत तिच्या अनेक बोली पसरलेल्या आहेत. ब्रिटिशकालीन भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली, भिली बोलींना वेगळे स्थान मिळाले, मात्र त्यांचे सर्वांत जवळचे नाते गुजराती आणि राजस्थानीशी आहे. षष्ठीचा (आपल्या ‘चा-ची’सारखा) ‘नो-नी’ हा प्रत्यय गुजरातीसारखाच. शिवाय अनेक बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो, त्यामुळे आपले ‘सात’ तेथे ‘हात’ असे ऐकू येते. दक्षिणेकडे, सातपुड्याच्या परिसरात, मराठी-अहिराणीची छाया दाट होत जाते. २०११ च्या जनगणनेत १ कोटी ४ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेलेली ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसावी, हे मला अन्यायाचे वाटते.