इर्विन पुलाची पातळी आणि न्यू जर्सीतले काका

परदेशी मुलाकडे कायमचे राहायला गेलेल्या आईवडिलांविषयी समुपदेशक म्हणून माझ्याकडे जे फोन येतात, त्यांतील एक तक्रार ठरलेली असते: बाबा दिवसभर मोबाइलला चिकटलेले असतात, मन सगळे गावाकडच्या ग्रुपवर असते, मग ते इथे रुळणार कसे? विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते, ते म्हणजे मोबाइल कमी करणे; माझ्याकडून हवी असते ती फक्त युक्ती. अशाच एका कुटुंबाबरोबर मी सात-आठ महिने काम केले, आणि त्यात पहिली चूक माझ्याच हातून झाली. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो अनुभव येथे मांडत आहे.

काका मूळचे सांगलीचे. एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले, आणि 2018 मध्ये काकूंसह न्यू जर्सीतील एडिसनला मुलाकडे गेले. वय एकाहत्तर. फोन मुलाने केला होता. त्याचे म्हणणे असे, की बाबा रात्री दोन वाजता उठून फोन पाहतात, जेवतानाही पाहतात, पावसाळ्यात तर सांगलीतल्या कृष्णेची पाणीपातळी तासातासाला पाहतात, आणि नातवाने काही विचारले तर दोनदा हाक मारावी लागते. "व्यसनच आहे हो मॅडम," तो म्हणाला.

मी पुण्याहून व्हिडिओवर दोन बैठका घेतल्या आणि अशा वेळी सर्वसाधारणपणे सांगतात तेच सांगितले: रात्री फोन दिवाणखान्यात ठेवावा, ग्रुपचे आवाज बंद करावेत, आठवड्यातून दोनदा जवळच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात जावे. काका आयुष्यभर शिस्तीत नोकरी केलेले गृहस्थ असल्यामुळे त्यांनी हे सारे निमूटपणे पाळले. पंधरा दिवसांनी ते पडद्यावर आले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" एवढेच उत्तर मिळत होते. मुलाने नंतर सांगितले, की त्या आठवड्यात त्यांनी सांगलीला परत जाण्याविषयी तीनदा विचारले होते. मोबाइल कमी झाला होता आणि माणूस अधिकच मिटला होता.

वाट दाखवली ती काकूंनी. त्या बैठकीत नव्हत्या. मागे स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या आणि आमचे बोलणे त्यांच्या कानांवर पडत होते. मुलगा उठून गेल्यावर त्या हात पुसत पडद्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, यांना फोन कमी करायला सांगू नका. फोनवर कुणाशी तरी बोलायला सांगा."

मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या फोनविषयी विचारले. त्या रोज सकाळी कणीक मळायच्या वेळी पिठाच्या डब्याला फोन टेकवून मिरजेच्या बहिणीशी बोलत. तिकडे बहिणीची रात्रीची झाकपाक चाललेली असे. पाऊण तास बोलणे होई, त्यातले निम्मे भाजीच्या भावाबद्दल आणि निम्मे सुनांबद्दल. म्हणजे काकूही रोज तितक्याच निष्ठेने फोनवर होत्या. पण त्यांना घरात कोणी व्यसनी म्हटले नव्हते, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. फरक वेळेचा नव्हताच. काकूंच्या फोनच्या पलीकडे एक माणूस होते, काकांच्या फोनच्या पलीकडे गर्दी होती.

मी काकांना एक वही घालायला सांगितली. हिशेबनीस माणूस असल्यामुळे त्यांना ते लगेच पटले. त्यांनी दोन रकाने आखले, "नुसते पाहिले" आणि "बोललो", आणि सात दिवसांची खतावणी इतक्या स्वच्छ अक्षरात लिहून त्याचे छायाचित्र मला पाठवले, की मला संकोच वाटला. दिवसाला चार-पाच तास फोन हातात असे. "बोललो" या रकान्यात सबंध आठवड्यात दोन नोंदी होत्या: धाकट्या भावाशी सहा मिनिटे आणि भारतातल्या बँकेच्या मदत केंद्राशी अकरा मिनिटे. त्याखाली त्यांनी स्वतःहून लिहिले होते, "शिल्लक काही नाही."

पुढच्या बैठकीत मी पाणीपातळीविषयी विचारले आणि तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. काकांचे मूळ घर मारुती चौकाच्या बाजूला, नदी चढली की पाणी येणाऱ्या भागात आहे. तेथे आता धाकटा भाऊ राहतो. सांगलीकराच्या डोक्यात दोन आकडे कोरलेले असतात: कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये तेथे पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. वीज बंद झाली, भावाच्या फोनची बॅटरी संपली, आणि दोन दिवस काका एडिसनमध्ये बसून वृत्तवाहिन्यांवरच्या होड्यांच्या दृश्यांत आपली गल्ली शोधत राहिले. भाऊ सुखरूप होता, शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता. पण ते दोन दिवस काकांच्या अंगातून गेलेच नाहीत.

दुसरी गोष्ट सांगायला त्यांना जास्त वेळ लागला. "जुनी अकरावी" हा त्यांच्या शाळकरी मित्रांचा ग्रुप. 1975 पूर्वी मॅट्रिक अकरावीला असे, त्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी त्यांची एक. त्या ग्रुपवर एका सकाळी त्यांनी पाहिले, की बाकावर शेजारी बसणारा मित्र गेला. मृत्यूची बातमी सांगलीत सकाळी साडेअकराला टाकलेली होती, म्हणजे एडिसनला रात्रीचे दोन. काका सहा वाजता उठले तेव्हा तिकडे साडेतीन झाले होते, अंत्ययात्रा निघून गेली होती, आणि "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या खाली हात जोडलेली एकेचाळीस चिन्हे होती. बेचाळिसावे चिन्ह त्यांनी टाकले. त्यानंतर दुपारी कोणीतरी आवळ्याचे फायदे पाठवले आणि ग्रुप पुढे गेला. "मी कुणाकडं जाऊन बसणार होतो, सांगा," काका म्हणाले. गावात असते तर त्या घरी गेले असते, ओट्यावर चार माणसांत काही न बोलता बसले असते, आणि तेवढ्याने पुरले असते. रात्री दोनला उठून फोन पाहण्याची सवय त्या दिवसापासूनची होती. मुलाला ती करमणूक वाटत होती. तो पहारा होता.

आमच्या क्षेत्रात यासाठी एक संकल्पना आहे. पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंब समुपदेशक. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांनी 1970 च्या दशकात अशा दुःखाला नाव दिले, ज्यात माणूस धड गेलेलाही नसतो आणि धड जवळही नसतो. मराठीत आपण त्याला संदिग्ध हानी म्हणू. स्थलांतरितांचे गाव हे असेच असते: ते आहे, त्याची छायाचित्रे रोज येतात, त्यातली माणसे मात्र आपल्यावाचून म्हातारी होत जातात आणि एकेक करून जातात. हे दुःख उघडे करायला जागा मिळाली नाही, की माणूस नुसता पाहत राहतो, कारण पाहणे थांबवले तर उरलेलेही हातचे जाईल अशी त्याला भीती असते. असा फोन काढून घेणे म्हणजे पहारेकऱ्याचा कंदील काढून घेण्यासारखे आहे, आणि मी नेमके तेच केले होते.

मग आम्ही पहिल्यांदा तो राहून गेलेला फोन केला. मित्राला जाऊन पाच महिने झाले होते आणि "आता कोणत्या तोंडाने बोलू" हे काकांचे पालुपद होते. मी एवढेच सांगितले, की बोलायचे वाक्य ठरवू नका. उशीर झाला हे पहिल्यांदा कबूल करा आणि मग गप्प बसा, पण फोन ठेवू नका. त्यांनी तसे केले. "वहिनी, मी बोलतोय. फार उशीर केला मी," एवढे म्हणून दोघेही बराच वेळ गप्प राहिले. मग त्या बाईंनी मित्राच्या जुन्या स्कूटरचा विषय काढला, जी अजून जिन्याखाली उभी आहे आणि विकायला त्यांचे मन होत नाही. बोलणे चाळीस मिनिटे चालले. वहीत काकांनी "बोललो"च्या रकान्यात 40 लिहिले आणि शेरा म्हणून एकच शब्द, "रडलो".

त्यानंतरची व्यवस्था साधी होती. ती करायला मात्र भावाची सून पुढे आली. पाणी चाळीस फुटांजवळ गेले, की ती सांगलीच्या सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला आपल्या आवाजात एक निरोप पाठवणार, मग बातमी असो वा नसो. उन्हाळी वेळेत भारत आणि न्यू जर्सी यांत साडेनऊ तासांचे अंतर असते, त्यामुळे काकांना हे निरोप रात्री साडेनऊला आणि सकाळी साडेनऊला मिळणार होते, म्हणजे झोपण्याआधी एक आणि न्याहारीनंतर एक. मधल्या वेळात पाहायचे नाही, असे मी सांगितलेच नाही. निरोप येणारच आहे हे कळल्यावर पाहण्याची निकड आपोआप ओसरते, हा माझा अनुभव आहे.

दुसरा ठरलेला दुवा एका मित्राचा. तो रविवारी सकाळी सातला गणपती मंदिरावरून सरकारी घाटाकडे फिरायला जातो. त्याला समोर बसून व्हिडिओवर बोलायचे म्हटले, की दोघेही अवघडतात, "आणखी काय" वर येऊन थांबतात. म्हणून तो आता फोन सुरू करून सदऱ्याच्या खिशात टाकतो आणि चालायला लागतो. काका एडिसनमध्ये शनिवारी रात्री दिवा मालवून पडल्यापडल्या ऐकतात: देवळातली घंटा, चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद, मधूनच "अरे, इथला पिंपळ तोडला बघ." ज्येष्ठांना व्हिडिओ कॉल शिकवणारी मुले चेहरा दिसण्यावर फार भर देतात; मला वाटते, पुष्कळ पुरुषांना समोरासमोरपेक्षा बरोबर चालणे सोपे जाते, आणि फोनवरही ते खोटे नाही.

यात एकदा गंमत झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात आणि अंतर साडेदहा तासांचे होते. त्या बदलानंतरच्या शनिवारी काका नेहमीप्रमाणे साडेनऊला तयारीत बसले, आणि तासाभरापूर्वीचे चार चुकलेले कॉल पाहून त्यांचा चेहरा उतरला. मित्र तोवर घरी जाऊन पोहे खात होता. आता दोघांच्याही कॅलेंडरवर मार्च आणि नोव्हेंबरमधल्या त्या तारखांभोवती लाल वर्तुळे आहेत.

मुलाशी मी वेगळे बोलले. त्याच्या चिडण्याखाली अपराधीपणा होता: आपण यांना इथे आणून चूक तर केली नाही ना, हा प्रश्न वडिलांच्या हातातला फोन त्याला रोज विचारत होता. शिवाय त्यांच्या वस्तीत गाडीवाचून कुठे जाता येत नाही आणि काका गाडी चालवत नाहीत, हे त्याने "रुळत नाहीत"च्या हिशेबात धरलेच नव्हते. त्याला मी एकच काम दिले, की महिन्यातून एकदा त्याने स्वतः सांगलीच्या आपल्या काकाला, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, फोन करावा. पहिला फोन त्याने सतरा महिन्यांनी केला होता, हे त्याचे त्यालाच मोजल्यावर कळले.

ग्रुप मात्र तसाच होता, आणि काकांना तो हवाही होता. बदल तिथे वेगळ्या कारणाने आला. एका आजारी वर्गमित्रासाठी "जुनी अकरावी"ने वर्गणी काढली आणि जमाखर्चाचा गोंधळ झाला. काकांनी आठवडाभर काही न बोलता सगळ्या पावत्या जुळवून तक्ता करून पाठवला. काही दिवसांनी सांगलीहून त्यांना फोन आला. इतक्या वर्षांत ग्रुपमधल्या कोणी आपणहून केलेला तो पहिला फोन होता. पलीकडचा मित्र वैतागला होता: "अरे, तुझ्या तक्त्यात आणि माझ्याकडं दोनशे रुपयांचा फरक येतोय, तू ये जरा लाइनवर." ही हकीकत सांगताना काका पडद्यावर हसत होते. दाढी केलेली होती.

पुढच्या पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवला आणि इर्विन पुलापाशी पाणी चाळीसकडे सरकू लागले. ठरल्याप्रमाणे रात्री साडेनऊला सुनेचा निरोप आला, तो काकांनी मला दुसऱ्या दिवशी ऐकवला. मागे पावसाचा आवाज होता आणि भांडी वर चढवल्याचा खडखडाट. "काका, एकोणचाळीस झालंय. आपल्या पहिल्या पायरीला अजून लागलेलं नाही. गॅस वर नेऊन ठेवलाय, मामंजी झोपलेत. तुम्हीपण झोपा आता."

वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: "नुसते पाहिले, एकदा, पहाटे पाच. पातळी तेवढीच."