वाचक विचारतात: टीव्ही गेमच्या कॅसेटमधलं संगीत

या वेळी पत्रांमध्ये आठ-बिटी खेळांच्या संगीताचे प्रश्न जास्त आले. बऱ्याच जणांच्या गोंधळाचं मूळ एकच आहे. गेमच्या कॅसेटमध्ये गाणं रेकॉर्ड केलेलं नसतं. तिथे असतो एक छोटा प्रोग्रॅम आणि सुरांची यादी. वाजवण्याचं काम मशीन दर वेळी नव्यानं करतं. मशीन बदललं की वाजणंही बदलतं.

लहानपणी घरी चायनीज टीव्ही गेम होता. आता मारिओचं तेच संगीत इंटरनेटवर ऐकलं की कुणीतरी पळवल्यासारखं वाटतं, आवाजही वेगळा लागतो. आठवणीचा दोष की खरंच फरक आहे?
— वाचक, सांगली

फरक खरा आहे, आणि तो मोजता येतो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) जपान-अमेरिकेतल्या टीव्हीसाठी लिहिला गेला. तिथे पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रं येतात आणि संगीताचा प्रोग्रॅम दर चित्रामागे एकदाच चालतो. म्हणजे चित्राचा ठेका हाच गाण्याचा ठेका. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. त्यांच्यासाठी बनवलेल्या स्वस्त क्लोनमध्ये (मूळ मशीनच्या नकलांमध्ये) तोच प्रोग्रॅम सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळाच चालायचा. मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीचं गाणं १२५ वर यायचं.

टेप हळू फिरली की सूरही उतरतो, तसं इथे होत नाही, कारण सूर चित्रावर नाही, चिपच्या घड्याळावर ठरतो. चौकोनी लहरीचा सूर काढायचा तर घड्याळाच्या वेगाला १६ नं आणि मग ‘टायमर अधिक १’ नं भागायचं. टायमर म्हणजे प्रोग्रॅम चिपला देतो तो सुराचा आकडा. तो २५३ धरा. निन्टेंडोच्या अमेरिकी एनईएस मशीनचं घड्याळ १७,८९,७७३ हर्ट्झचं. उत्तर येतं ४४०.४, म्हणजे पेटीची पांढरी सहा. क्लोनमधल्या यूए६५२७पी जातीच्या चिपचं घड्याळ १७,७३,४४८ हर्ट्झचं, उत्तर ४३६.४, कानाला जेमतेम कळेल इतकं कमी. युरोपातल्या अस्सल पाल एनईएसवर मात्र घड्याळच १६,६२,६०७ चं, त्यामुळे तोच आकडा ४०९ वर येतो, अर्ध्या सुराहून जास्त खाली. म्हणजे तिथल्या मुलांनी (निर्मात्यांनी वेगळी पाल आवृत्ती काढली नसेल तर) संथ आणि उतरलेलं संगीत ऐकलं. आपण संथ, पण जवळपास सुरातलं.

तुमचं जुनं मशीन चालू असेल तर घड्याळ लावून पाहा. मारिओमधला वेळेचा आकडा दर २४ चित्रांनी एकनं उतरतो. ४०० वरून ३०० वर यायला ४० सेकंद लागले तर मशीन ६० चं. ४८ लागले तर ५० चं.

आवाज वेगळा लागतो त्याचं कारण निराळं. चौकोनी लहर एका फेऱ्यात किती वेळ वर राहते, त्या प्रमाणाला ड्यूटी म्हणतात: १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के. बऱ्याच क्लोन चिपमध्ये २५ आणि ५० ची अदलाबदल झालेली असते. जिथे पोकळ, क्लॅरिनेटसारखा आवाज हवा तिथे नाकातला येतो, आणि उलटही.

बालपणीचंच ऐकायचं असेल तर मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये (जुनं मशीन संगणकावर वठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रीजन ‘डेंडी’ निवडा (रशियात खपलेल्या अशाच एका क्लोनचं हे नाव) आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्वॅप ड्यूटी सायकल्स’ चालू करा. आधी नुसता रीजन बदलून ऐका. तुमच्या मशीनमध्ये ड्यूटी उलट होती की नाही हे कान लगेच सांगतील.

एनएसएफ फाइल मिळाली. प्लेअरमध्ये गाण्यांची नावं दिसत नाहीत, ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ एवढंच. शिवाय एकच गाणं रात्रभर वाजत राहतं. फाइल खराब आहे का?
— वाचक, ठाणे

नाही, ती मुळातच अशी असते. एनएसएफ म्हणजे खेळातून संगीताचा प्रोग्रॅम तेवढा कापून काढलेला, त्यावर १२८ बाइटचं कपाळ (हेडर). त्या कपाळावर खेळाचं नाव, संगीतकार आणि हक्कदार यांना प्रत्येकी ३२ बाइट आहेत. प्रत्येक गाण्याच्या नावाला जागाच ठेवलेली नाही. प्रोग्रॅमला शेवटही ठाऊक नसतो. खेळाडू त्या पातळीत आहे तोवर वाजत राहा, एवढंच त्याला सांगितलेलं असतं.

उपाय दोन. त्याच खेळाची एनएसएफई फाइल किंवा सोबतची एम३यू यादी मिळवा. त्यांत नावं आणि वेळा असतात. नाहीतर फूबार२००० या प्लेअरला गेम इम्यू प्लेअर हा जोड लावून कमाल वेळ ठरवा. साधारणपणे गाणं दोनदा फिरलं की दहा सेकंदांत आवाज विरवायचा, हा रिवाज चांगला आहे. एकच फेरा ठेवला तर वळणाची जागा कळत नाही, आणि या संगीतातली खरी कारागिरी पुष्कळदा तिथेच असते: शेवटचा सूर पहिल्याला कसा भिडतो. नुसतं ऐकायचं तर व्हीएलसीही या फाइली उघडतो.

कपाळात एक गंमत आहे. हेक्स (सोळाच्या मोजणीतल्या) ६ई आणि ६एफ या दोन बाइटांत प्रोग्रॅम किती मायक्रोसेकंदांनी चालवायचा ते लिहिलेलं असतं. तिथे बहुधा १ए ४१ (म्हणजे १६,६६६) किंवा एफएफ ४० (१६,६३९) सापडेल. फाइलची प्रत काढा, हेक्स एडिटरमध्ये त्या जागी २० ४ई लिहा, म्हणजे २०,०००. लय ५० ची होते, सूर जागचा हलत नाही. सांगलीच्या वाचकांना हेही चालेल. प्लेअरमधलं पालचं बटण मात्र दाबू नका. त्यानं चिपचं घड्याळही बदलतं आणि सूर उतरतो.

पेटी वाजवतो. मारिओची धून बसवायची आहे, पण सगळे आवाज एकात एक मिसळतात. सुरुवात कुठून करू?
— वाचक, बेळगाव

एनएसएफप्ले हा एनएसएफ फाइलींचा प्लेअर घ्या. त्यात प्रत्येक आवाज वेगळा बंद करता येतो आणि कोणता सूर वाजतोय ते पट्ट्यांवर दिसतं. एनईएसच्या २ए०३ चिपमध्ये पाच आवाज आहेत: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर आणि पाचवा रेकॉर्ड केलेल्या बारीक तुकड्यांसाठी. मारिओची मुख्य धून दुसऱ्या चौकोनी लहरीवर आहे, पहिलीवर तिची साथ, त्रिकोणीवर खर्ज आणि खरखरीवर ताल.

आधी बाकी सगळं बंद करून नुसता खर्ज ऐका. धून तोंडपाठ असते, त्यामुळे आपण तिकडेच धावतो आणि खालच्या सुरांचा अंदाज चुकतो. खर्ज हाताला बसला की दुसरी चौकोनी लहर, शेवटी पहिली. षड्ज पांढरी एकचा धरा. मधले अर्धे सूर पाहून कोणता राग म्हणून शोधायला जाऊ नका. ते कॉर्डमधून कॉर्डमध्ये जाण्यासाठी आहेत. गती फार वाटली तर वर सांगितलेल्या दोन बाइटांत ३५ ८२ लिहा. ३३,३३३ मायक्रोसेकंद, म्हणजे बरोबर निम्मी लय, सूर तोच.

इतर खेळांची गाणी घ्याल तेव्हा दोन जागी फसाल. पहिली: एकच आवाज थरथरत तीन सुरांवर नाचतोय असं वाटेल. चिपपाशी आवाज कमी, म्हणून दर चित्राला सूर बदलत कॉर्डचा भास केलेला असतो. पेटीवर ते तीन सूर सरळ एकत्र दाबा. दुसरी: त्रिकोणी लहर मध्येच झपकन खाली घसरते. ते खर्जाचे सूर नाहीत, ड्रमचा ठोका आहे. तो पेटीवर काढू नका, डग्ग्यावर ढकला. घुमारा छान जमतो.

त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही, चालू किंवा बंद एवढंच. म्हणून खर्ज सपाट असतो. त्यावर भाता हलका ठेवा.

एकच कॅसेट लावली की चित्र व्यवस्थित येतं पण आवाज शून्य. बाकीच्या कॅसेट ठीक वाजतात. चिप गेली का?
— वाचक, नाशिक

बहुतेक नाही. तुमचं मशीन ६० पिनांचं, म्हणजे फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी रूपाच्या) धाटणीचं असणार. त्यात आवाज थेट टीव्हीकडे जात नाही. चिपकडून निघून ४५ नंबरच्या पिनेतून तो कॅसेटमध्ये शिरतो आणि ४६ मधून परत येतो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना पट्टीवरच एकमेकींना जोडलेल्या असतात. तिथला एक जरी संपर्क बिघडला की खेळ चालू आणि आवाज गुल.

करायचं असं. मशीन बंद करून कॅसेट काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून दोन्ही बाजूंच्या ३०-३० पट्ट्या उभ्या दिशेनं पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. पाच मिनिटं वाळू द्या. फुंकर मारू नका. फुंकल्यावर कॅसेट चालते ती पुन्हा बसवल्यामुळे. थुंकीची ओल मात्र पट्ट्यांवर राहते आणि पुढे गंज धरते.

तरीही आवाज नसेल तर कॅसेट उघडा. ४५ आणि ४६ दुसऱ्या रांगेत अगदी मधोमध, शेजारी-शेजारी आहेत. मल्टीमीटर बीपवर ठेवून दोन्हींना टोकं लावा. बीप आला नाही तर जोड तुटलाय. पट्टीपासून जरा वर, सॉकेटमध्ये जाणार नाही अशा जागी, बारीक तारेचा डाग द्या. बीप आला तर दोष सॉकेटच्या पिनेत आहे, त्या कॅसेटला ती नीट धरत नाही.

आवाजाला हा वळसा मुद्दाम दिलेला होता. कॅसेटमध्ये ज्यादा आवाजाची चिप बसवली तर तिचे सूर वाटेतच मिसळता यावेत म्हणून. कोनामीनं ‘कॅसलव्हेनिया ३’च्या जपानी कॅसेटमध्ये (१९८९) व्हीआरसी६ नावाची चिप घातली: आणखी दोन चौकोनी लहरी आणि एक करवती. अमेरिकी एनईएसच्या ७२ पिनांच्या कॅसेटला ही वाट नव्हती, म्हणून तिथे तेच संगीत मूळच्या पाच आवाजांत बसवावं लागलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. माझं मत विचाराल तर जपानी. करवती लहरीनं खर्जाला जी धार येते ती त्रिकोणीला येतच नाही.

मारिओ खेळताना नाणं घेतलं की धून तुटते. टीव्हीचा स्पीकर बदलून पाहिला, तरी तेच.
— वाचक, मडगाव

स्पीकर परत लावा, बिघाड नाही. खेळाचे आवाजही त्याच पाच आवाजांतून काढावे लागतात. नाण्याची टिंग दुसऱ्या चौकोनी लहरीवर वाजते, तेवढ्यापुरती धून बाजूला होते. उडी पहिल्या लहरीवर, म्हणून उडी मारल्यावर धून राहते आणि साथ जाते. विटा फुटतात त्या खरखरीवर. एम्युलेटरमध्ये पहिली लहर बंद करून खेळा. उड्या मुक्या होतील.

जुन्या मशीनवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना सतत घूं असा आवाज येतो. शिवाय हेडफोनला एकाच कानात ऐकू येतं.
— वाचक, पुणे

एकाच कानाचं सोपं: मशीन मोनो आहे. एकाचे दोन करणारी आरसीए जोडणी लावा किंवा रेकॉर्डिंगचा ट्रॅक मोनो करा.

घूं कसला ते आधी ओळखा. पडद्यावर काहीही असो, एकसारखाच असेल तर दोष विजेकडचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गेला तर अर्थिंगचा फेरा होता. नाही गेला तर मशीनचा अडॅप्टर बदलून पाहा. जुन्या अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकला की १०० हर्ट्झचा घूं येतो. नवा लावताना व्होल्टेजइतकीच टोकाची दिशा बघा. फॅमिकॉमच्या अडॅप्टरचं मधलं टोक ऋण असतं, आणि बाजारात मिळणारे बहुतेक धन. क्लोनचा भरवसा नाही, त्याच्या बुडाखालची खूण वाचूनच लावा.

पडदा उजळला की घरघर वाढते, असं असेल तर चित्राचा सिग्नल आवाजात झिरपतोय. पिवळी वायर पांढरीपासून दूर न्या. जिथे दोघी ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू द्या.

लॅपटॉपची एकुलती एक खोबण बहुधा माइकची असते, तिला लाइनचा जोर झेपत नाही आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत ठेवा.

सुपर निन्टेंडोच्या एसपीसी फाइली ६४-६५ केबीच्या. इतक्या लहान फाइलीत दर्जा कसला? मोठ्या एमपी३ घेऊ का?
— वाचक, नागपूर

एसपीसीच घ्या. त्या मशीनच्या आवाजाच्या भागाला स्वतःची ६४ केबीच मेमरी होती, आणि फाइल म्हणजे तिची जशीच्या तशी प्रत. वाद्यांचे नमुने, सुरांची यादी, प्रोग्रॅम, सगळं तिच्यात आलं. घुमणारा प्रतिध्वनीही त्याच ६४ केबीतून जागा खायचा: दर १६ मिलिसेकंदांना २ केबी. पूर्ण २४० मिलिसेकंदांचा घ्यायचा म्हटलं तर ३० केबी त्यातच गेले, उरलेल्यात व्हायोलिन बसवायचं की ढोल, हे संगीतकारानं ठरवायचं. प्लेअरमध्ये वेगळा रिव्हर्ब लावलेला असेल तर बंद करा.