नुसत्या चादरींच्या जाहिराती!

प्रश्न: मुलगी एम.ए. करतेय, तिला सोलापूरच्या कापड गिरण्या आणि विणकरांवर प्रोजेक्ट दिलाय. गुगलवर काहीपण टाकलं की चादरी विकणाऱ्यांचीच पेजं येतात. असल्या बारक्या विषयाला वेगळं सर्च इंजिन असतं का ओ?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: असतं की! गुगलला वाटतं तुम्हाला चादर घ्यायचीय, त्यात त्याची तरी काय चूक. पहिलं शोधगंगा ही वेबसाइट उघडा. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची आहे, देशभरातल्या पीएचडीचे प्रबंध फुकटात वाचायला मिळतात, मराठीतलेसुद्धा. एकेका प्रबंधाच्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात, मुलीला म्हणावं आधी शेवटची संदर्भसूचीची फाईल उघड, कारण कुठली पुस्तकं शोधायची ते तिथंच कळतं आणि निम्मी वणवण वाचते.

मग गुगल स्कॉलर, म्हणजे गुगलचंच पण फक्त अभ्यासाचे लेख शोधणारं. एखादा कामाचा लेख सापडला की त्याच्याखाली ‘सायटेड बाय’ असतं ते दाबा, त्या लेखाचा आधार घेऊन पुढं कुणी काय लिहिलं ते सगळं येतं.

जुन्या गोष्टींना मात्र इंटरनेट अर्काइव्हच, जुन्या पुस्तकांचे स्कॅन ठेवणारी वेबसाइट. तिथं नुसतं नाव टाकलं तर पुस्तकाचं नाव, लेखक असल्या वरवरच्या माहितीतच शोधतं, म्हणून ‘सर्च टेक्स्ट कंटेंट्स’ निवडायचं, मग स्कॅन केलेल्या पानांच्या आतलं पण सापडतं. आणि एक गंमत सांगतो, मी स्वतः इथंच दोन दिवस घालवलेत, सोलापूर सोलापूर टाकत बसलो आणि हाताला फारसं काही लागेना. इंग्रजांच्या कागदात आपलं गाव ‘शोलापूर’ आहे! स्पेलिंगमध्ये एस नंतर एच घातला आणि धडाधड पानं यायला लागली, १८८४ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २० वा खंड) तसंच सापडलं. स्कॅनमधली अक्षरं मशीन कधी कधी चुकीची वाचतं, म्हणून एकच शब्द दोन-तीन प्रकारे टाकून बघायचा.

शब्द पण त्या काळातले पाहिजेत. ‘वर्कर’ टाकण्यापेक्षा ‘जॉबर’ टाका, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम, इंग्रज सरकारनं कामगारांवर नेमलेल्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या रिपोर्टात त्याच्यावर बरंच लिहिलंय. घरात कुणी मिलमध्ये होतं का? असेल तर मुलीला वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा, साचा (माग), सायझिंग (सुताला खळ लावणं), बदली (दुसऱ्याच्या जागी येणारा कामगार) असले शब्द ते सहज बोलून जातील, तेच इंग्रजीत करून सर्चला टाकायचे.